जखम भरली, पण व्रण अजून जागा आहे

वाचकाचं पत्र:

"तीन महिन्यांपूर्वी माझा उजवा हात भाजला. हाताच्या पाठीवर मांडीची कातडी काढून लावली. कोपराच्या आतल्या बाजूची आणि त्याखालची जखम आपली आपण भरली, पण तिला जवळजवळ चार आठवडे लागले. सगळं कोरडं होऊन आता सात आठवडे झाले. तेव्हा कातडी सपाट होती. आता तीच जागा लाल, जाड आणि दोरीसारखी कडक झाली आहे. हात पूर्ण सरळ होत नाही, मूठ वळत नाही. ताणला की व्रण पांढरा पडतो, फाटेल अशी भीती वाटते, म्हणून दहा दिवसांपासून व्यायाम बंद केलाय. प्रेशरचा हातमोजा दिवसा घालते. रात्री खाजेनं जीव नकोसा होतो, म्हणून मोजा आणि हात ठरावीक स्थितीत धरणारा प्लास्टिकचा स्प्लिंट, दोन्ही काढून ठेवते. आमचं काही चुकलं का? लेझर किंवा पुन्हा ऑपरेशन करून घ्यावं का? हे पत्र डाव्या हातानं लिहिलंय, अक्षराबद्दल माफ करा."

ताई,

अक्षर अगदी व्यवस्थित लागलं. आधी तुमच्या भीतीबद्दल: तुमचं ऑपरेशन फसलेलं नाही आणि जखमही बिघडलेली नाही. भाजल्याची जखम दहा दिवसांच्या आत भरली तर जाड व्रणाचा धोका कमी असतो. तीन आठवड्यांहून जास्त लागले की तो बराच वाढतो. तुमच्या कोपरापाशी चार आठवडे लागले. अशा जागी वरची कातडी मिटली तरी खाली कोलॅजन या प्रथिनाचे धागे तयार होतच राहतात, आणि ते सरळ रांगेत न बसता गुंताडा होऊन बसतात. शिवाय तिथे अशा पेशी असतात ज्या आकसून जखमेच्या कडा जवळ ओढतात. जखम मिटल्यावरही त्या लगेच थांबत नाहीत. म्हणूनच सपाट दिसणारी कातडी सहा-आठ आठवड्यांनी उंच आणि लाल व्हायला लागते. पहिले सहा महिने हे वाढतं, मग हळूहळू उतरतं. व्रण फिका, मऊ आणि सपाट व्हायला १२ ते १८ महिने, कधी दोन वर्षंही लागतात.

तुम्ही या सगळ्यातल्या सर्वांत वेगवान टप्प्यात आहात. याच काळात व्रण सर्वांत जास्त आखडतो, आणि याच काळात तो ताणाला, दाबाला सर्वांत चांगला ऐकतो. वर्षभरानंतर दहा दिवस व्यायाम राहिला तर फार बिघडत नाही. आत्ता दहा दिवस राहिला की कोपराचे काही अंश जातात, आणि ते परत मिळवायला दहा दिवसांपेक्षा जास्त लागतात. हे दोष द्यायला सांगत नाही. आज संध्याकाळपासून पुन्हा सुरू करा, एवढ्यासाठी सांगतोय.

आता रात्रीबद्दल, कारण आमच्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. झोपेत हात कुठे जातो ते घरच्या कुणाला तरी एकदा पाहायला सांगा. बहुतेक वेळा कोपर दुमडलेलं, मनगट खाली पडलेलं, बोटं वाकडी आणि अंगठा तळहाताला चिकटलेला असतो. याच स्थितीत आराम वाटतो, कारण व्रणावर अजिबात ताण येत नाही. आणि ताण नसलेल्या स्थितीतच व्रण आखूड होतो. दिवसभरात पाच वेळा दहा-दहा मिनिटं ताणलंत तरी ते तासाच्या आतच भरतं; रात्री आठ तास व्रणाला मोकळं रान मिळतं. सकाळी कोपर आदल्या संध्याकाळपेक्षा कडक वाटतं ते यामुळेच. तेव्हा दिवसा सवलत हवी असेल तर स्प्लिंट बेतणाऱ्या थेरपिस्टशी बोलून घ्या, रात्रीची मात्र नको.

रात्रीचा स्प्लिंट हाताला नेमक्या उलट स्थितीत धरतो: कोपर सरळ, तळवा वरच्या दिशेला, मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांच्या मुळाचे सांधे ६० ते ७० अंश पुढे वाकलेले, पुढची बोटं सरळ आणि अंगठा तळहातापासून दूर. बोटांची ही स्थिती पाहून पुष्कळांना वाटतं की स्प्लिंट चुकीचा बनवलाय. तो बरोबर आहे. हाताच्या पाठीवर भाजलं की मुळाचे सांधे मागे ओढले जातात आणि मधले सांधे वाकतात, पंजा पक्ष्याच्या नखीसारखा होतो. स्प्लिंट त्याच ओढीला अडवतो.

हातमोजा आत आणि स्प्लिंट वर, असं घाला. पट्टे घट्ट लावा, पण बोटांची टोकं गुलाबी आणि उबदार राहिली पाहिजेत. सकाळी काढल्यावर जिथे लाल खूण दिसेल तिथे घड्याळ लावून बघा: वीस मिनिटांत गेली तर ठीक, अर्ध्या तासानंतरही तशीच असेल तर स्प्लिंट तिथे टोचतोय. तो घेऊन थेरपिस्टकडे जा, घरी गरम करून वाकवू नका. हे प्लास्टिक गरम पाण्यात मऊ होणारंच असतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत किंवा गरम पाण्याच्या नळाजवळ ठेवलं तर त्याचा आकार बिघडतो आणि चुकीच्या आकाराचा स्प्लिंट नसल्यापेक्षा वाईट. हात सुधारत जाईल तसा दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा बेतून घ्यावा लागतो. मागच्या महिन्याच्या कोनात बेतलेला स्प्लिंट हाताला मागच्या महिन्यातच अडकवून ठेवतो.

खाजेमुळे हे सगळं सुटतंय, तेव्हा खाजेकडे वळू. नव्या व्रणातून खाज आणणारी रसायनं सुटत असतात, नव्यानं फुटणाऱ्या नसाही चुकीचे संदेश देतात. त्यात कातडी कोरडी, कारण खोल भाजलेल्या आणि रोपण केलेल्या भागात तेलाच्या ग्रंथी उरलेल्या नसतात. रात्री दुसरं लक्ष नसतं, म्हणून ती दुप्पट जाणवते. झोपण्याआधी एक क्रम लावून घ्या. कोमट पाण्यानं हात धुवा, टॉवेलनं टिपून घ्या, घासू नका. कातडी किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, पाच मिनिटं मसाज करा, वर राहिलेलं टिपून टाका आणि मग मोजा चढवा. खाजेला नखं लावायची नाहीत. तळव्यानं दाबून धरा किंवा बोटांनी थोपटा. थंड पाण्यात पिळलेलं फडकं चालतं, बर्फ थेट कधीच नको. व्रणाला थंड-गरम नीट कळत नाही, बर्फानं तिथे पुन्हा इजा होते आणि तुम्हाला ती कळतही नाही. याच कारणासाठी पाणी किती गरम आहे ते डाव्या हातानंच पाहायचं.

एवढं करूनही झोप मोडत असेल तर सोसत बसू नका. खाजेवर औषधं आहेत: आधी सेटिरिझिनसारखी, आणि नसांमुळे येणाऱ्या हट्टी खाजेसाठी डॉक्टर गॅबापेंटिनही देतात. मात्रा आणि वेळ डॉक्टरच ठरवतील. तुम्ही एवढंच सांगा की खाजेमुळे रात्रीचा मोजा आणि स्प्लिंट सुटतोय. नुसतं "खाज येते" म्हटलं तर ऐकणाऱ्याला त्याचं गांभीर्य कळत नाही. आणखी एक गोष्ट, जी ऐकून पटत नाही: पुष्कळ जणांना मोजा काढल्यावर जास्त खाजतं. दाब गेला की व्रणात रक्त भरतं, हात खाली सोडला की ठणकतो, मुंग्या येतात. एकदम रात्रभर जमत नसेल तर पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज दोन-दोन तास वाढवत आठवड्याभरात पूर्ण रात्रीवर या.

मोजा २३ तास घालायचा असतो, एक तास अंघोळ आणि मसाजसाठी. दोन मोजे हवेतच, एक हातात आणि एक वाळत. कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सावलीत आडवा पसरून वाळवा. इस्त्री आणि ब्लीच नको. मॉइश्चरायझरचा थर तसाच ठेवून मोजा चढवला की त्यातलं रबर लवकर सैल पडतं, म्हणूनच वरचं टिपून टाकायचं. साधारण दोन-तीन महिन्यांत मोजा नवा लागतो. कधी? चढवताना कष्ट पडेनासे झाले आणि कापड चिमटीत सहज उचललं जाऊ लागलं की समजा, दाब संपला. असा मोजा घालून फिरणं म्हणजे नुसतं कापड गुंडाळणं. चढवताना ओढू नका, कारण नवी कातडी खालच्या थराला अजून पक्की धरून नसते, घासली की फोड येतो. आधी पाचही बोटं टोकापर्यंत नीट बसवा, मग मोजा मनगटाकडे उलगडत न्या. बाजूला चेन असलेला मोजा तुमच्यासारख्या एकहाती घालणाऱ्याला सोपा जातो, पुढच्या मापाला तसा मागा.

मोजा जिथे पोकळी असते तिथे दाब देत नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि हाताच्या पाठीवरच्या खळग्यांत तो नुसता पुलासारखा ताणून राहतो. तिथे व्रण हळूच वाढतो, बेचकी उथळ होते आणि बोटं फाकेनाशी होतात. आज दोन्ही पंजे शेजारी ठेवून बेचक्यांची खोली ताडून पाहा. उजवीकडे पडदा पुढे सरकल्यासारखा वाटला तर मोज्याच्या आत बसणारे फोमचे किंवा सिलिकॉनचे तुकडे थेरपिस्टकडून करून घ्या.

आणि हे स्पष्ट असू द्या की दाबानं व्रणाची उंची कमी व्हायला मदत होते, आखडणं तो थांबवत नाही. त्यासाठी ताण हवा.

ताणाकडे येऊ. व्रण पांढरा पडतो म्हणून तुम्ही थांबलात. ताई, पांढरा पडणं ही फाटण्याची खूण नाही, ताण नेमका व्रणापर्यंत पोचल्याची ती खूण आहे. ताणामुळे व्रणातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त बाजूला जातं, म्हणून रंग जातो; सोडल्यावर काही सेकंदांत लाली परत येते. सावळ्या कातडीवर तो पांढरा न दिसता नुसता फिका आणि चकचकीत दिसतो. पांढरं पडण्याआधीच थांबलात तर सांधा हलतो, व्रण मात्र जिथल्या तिथे राहतो.

कोपरासाठी असं करा. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं असेल तर ते अर्धा-पाऊण तास आधी घ्या. मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं मसाज करा, कोरडा कडक व्रण ताणला की भेगाळतो. टेबलाशी बसा, दंडाखाली, कोपराच्या जरा वर, टॉवेलची घडी ठेवा, तळवा वर. डाव्या हातानं उजवं मनगट धरून सावकाश खाली दाबत न्या. कोपराच्या आत ती दोरी उठून दिसेल आणि फिकी पडेल; तिथे थांबा. तीस सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. सुरुवातीची ओढ जरा सैलावली असं वाटलं की तिथून आणखी थोडं पुढे जा आणि पुन्हा तीस सेकंद. मग हळूहळू सोडा. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाच बैठका. झटके देऊ नका. झटक्यानं व्रण लांबत नाही, सुजतो, आणि सुजलेला व्रण जास्त आखडतो.

कोपर सुटं जमायला लागलं की त्यातच मनगट मागे वळवा. व्रण कोपरावरून खाली उतरतो, त्यामुळे एकेक सांधा वेगळा हलवून त्याची पूर्ण लांबी कधीच ताणली जात नाही. पंजाचंही तसंच: आधी बोटांच्या मुळाचे सांधे, मग पूर्ण मूठ, मग मूठ तशीच ठेवून मनगट खाली वाकवणं. पण इथे एक सावधानता आहे. बोटाच्या मधल्या सांध्यावर खोल भाजलं असेल तर तिथली बोट सरळ करणारी शीर, म्हणजे टेंडन, कातडीच्या लगेच खाली असते आणि ती कमकुवत झालेली असू शकते. अशा बोटाची जोर लावून मूठ वळली तर ती तुटू शकते आणि बोट कायमचं वाकडं होऊ शकतं. म्हणून मुठीचे व्यायाम सुरू करण्याआधी थेरपिस्टला प्रत्येक बोटाचा मधला सांधा तपासायला सांगा. मुळाचे सांधे वाकवायला त्यांनी मनाई केलेली नसेल तर ते आजच सुरू करता येतील.

बारीक चीर पडलीच तर घाबरू नका. धुवा, न चिकटणारं ड्रेसिंग लावा, त्या जागी सिलिकॉन शीट (तिच्याबद्दल पुढे) बंद, मोजा चालू. ताण एक-दोन दिवस जरा कमी करा, बंद करू नका. छोटा फोड आला तर तो फोडू नका. चीर रुंदावत असेल, रक्त थांबत नसेल, पू, वास, पसरणारी लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि कोपर ताणताना ओढ कातडीत न जाणवता आत हाडाला हाड लागल्यासारखं एकदम अडत असेल, दुखणं वाढत असेल आणि हालचाल घटत असेल तर जोर लावू नका. भाजल्यानंतर कधीकधी कोपराच्या भोवती नको तिथे हाड तयार होतं. एक्स-रे काढून घ्या. अशा कोपराला घरच्या माणसानं बळेच ताणणं सगळ्यात घातक.

मसाज दिवसातून तीन-चार वेळा, पाच ते दहा मिनिटं. अंगठ्याचा सपाट भाग व्रणावर टेकवा, व्रण फिका पडेल एवढा दाब द्या आणि कातडीवरून न घसरता कातडीसकट गोल फिरा. मग उभं, मग आडवं. तुमच्या हातावरची रोपण केलेली कातडी अजून नाजूक आहे, तिथे पहिले काही आठवडे नुसतं दाबून धरा-सोडा, घासू नका. जमेल तिथे व्रण दोन बोटांत उचलून घोळवा, खालच्या थराला चिकटलेला भाग त्यानं मोकळा होतो. मसाजनंतर फोड दिसू लागले तर तुमचं बोट कातडीवरून घसरतंय.

सिलिकॉन शीट कोपराखालच्या उंच भागावर उपयोगी पडेल. कातडी पूर्ण मिटलेली हवी. पहिल्या दिवशी दोन ते चार तास, मग रोज वाढवत १२ तासांच्या पुढे न्या. रोज शीट आणि कातडी दोन्ही धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. घाम कोंडला की पुरळ येतं आणि मग दोन-तीन दिवस बंद ठेवावं लागतं. चिकटेनाशी झाली की बदला. निदान तीन महिने सातत्य हवं. सांध्यावर शीट टिकत नाही, तिथे सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा अगदी पातळ लावा आणि मोजा चढवण्याआधी पूर्ण वाळू द्या.

ऊन टाळा. लाल व्रणावर ऊन पडलं की तो काळवंडतो आणि तो डाग लवकर जात नाही. मोजा काढलेला असेल तेव्हा लांब बाह्या, उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा जास्तचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी. हे दीड-दोन वर्षं.

आता ऑपरेशन आणि लेझर. वाढत्या व्रणावर घाईनं ऑपरेशन केलं तर नवी जखमही त्याच स्वभावानं भरते, म्हणून साधारणपणे व्रण शांत आणि मऊ व्हायची, म्हणजे वर्षभर तरी, वाट पाहतात. अपवाद आहेत: पापणी मिटत नसेल, तोंड उघडत नसेल, मान छातीला ओढली जात असेल, किंवा नीट पाळलेल्या स्प्लिंट-व्यायामानंतरही सांध्याची हालचाल घटतच असेल. तेव्हा थांबत नाहीत. तुमच्या बाबतीत "नीट पाळलेल्या" हा भाग अजून व्हायचा आहे. सहा आठवडे रात्रीसकट सगळं करा आणि मग प्लास्टिक सर्जनना विचारा. कोपरातली दोरी बारीक असेल तर पुढे झेड-प्लास्टीनं, म्हणजे कातडी इंग्रजी झेडच्या आकारात कापून फिरवण्याच्या ऑपरेशननं, ती मोकळी करता येते. हट्टी उंच भागात ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं देतात. व्रणात बारीक बारीक भोकं पाडणाऱ्या फ्रॅक्शनल सीओटू लेझरनं कडकपणा आणि खाज कमी होऊ शकते. यांतलं काहीही केलं तरी नंतर ताण आणि स्प्लिंट चुकत नाही.

त्या भेटीला रिकाम्या हातानं जाऊ नका. आज मूठ वळून मधल्या बोटाचं टोक आणि तळहातातली आडवी रेघ यांतलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग दंड टेबलावर सपाट टेकवून, या वेळी टॉवेल न घेता, तळवा वर करून हात सरळ करा आणि मनगटाची पाठ टेबलापासून किती वर राहते ते लिहा. दर रविवारी, त्याच वेळी, ताणण्याआधी. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीच्या उजेडात एक फोटो. रोज आरशात पाहून फरक कळत नाही आणि माणूस हिरमुसतो. आकड्यांत तो दिसतो. अंतर दोन आठवडे सलग वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा.

आणि उजव्या हाताला काम द्या. कंगवा, बटणं, नळ, दाराची कडी. पेन बोटांत मावत नसेल तर त्याला फोम गुंडाळून अंगठ्याएवढं जाड करा आणि रोज चार ओळी उजव्या हातानं लिहा, कशाही येवोत. मूठ वळायला लागेल तसा फोमचा एकेक वेढा काढत जा.